सुकाणूवरचा आळ

माझ्या लाकडाने माणूस मारला, असं त्या तांडेलाने चार गावांत सांगितलं आणि लोकांनी ते ऐकून घेतलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. जव्हारच्या बाजारात आजही कोणी माझ्या सागाच्या ओंडक्यावर हात ठेवून "आतून बरा आहे ना?" असं सहज विचारलं, तरी माझं डोकं फिरतं. विचारणारा बिचारा नवखा असतो. मी त्याला वाकडं उत्तर देतो आणि तो दुसऱ्या वखारीकडे वळतो. वळू दे.

लाकडाच्या धंद्यात मला कोणी हाताला धरून आणलं नाही. घरी डोंगरउतारावरची नागली आणि थोडा भात, एवढंच होतं. मी डोक्यावरून मोळ्या वाहिल्या, मग दुसऱ्याच्या गाडीवर गाडीवान झालो, मग एक गाडी माझी झाली, पुढे तीन झाल्या. संस्थानच्या परवान्यावर जंगलात माल घ्यायचा, गाड्या घाटाने उतरवून खाडीवरच्या बंदराला न्यायच्या आणि येताना मीठ, सुकी मासळी वर आणायची, हा माझा उद्योग. भाव करताना माझा आवाज चढतो, हे मी कबूल करतो. समोरचा उठून जाईपर्यंत मी ताणतो आणि तो उठला की हाताला धरून बसवतो. पण पोकळ लाकूड चांगलं म्हणून मी कधी कोणाच्या गळ्यात मारलं नाही.

त्याला कारण होतं. पोशेऱ्याचा एक म्हातारा करवत्या माझ्याबरोबर असे. झाड पसंत करायचं ते त्याने. कुऱ्हाड उलटी धरून तो उभ्या खोडावर तीन ठिकाणी ठोकायचा आणि प्रत्येक ठोक्यानंतर खोडाला कान लावायचा. मला सगळे ठोके सारखेच ऐकू यायचे. तो मात्र एखाद्या देखण्या झाडाकडे पाठ फिरवून म्हणायचा, "हा नको. याच्या पोटात घर झालंय." मी वाद घालायचो, कारण तेवढं सरळ झाड पुन्हा लवकर सापडत नसे. तो ऐकायचा नाही. शिवाय तोड वद्य पक्षातच करायची, शुद्ध पक्षातल्या लाकडाला कीड लागते, हा त्याचा हट्ट. त्यापायी माझ्या गाड्या पंधरा पंधरा दिवस रिकाम्या राहिल्या आहेत.

वैतरणेच्या तोंडावर कोळ्यांचं एक गाव आहे. तिथल्या एका तांडेलाला त्याच्या मचव्यासाठी नवं सुकाणू करायचं होतं. त्यासाठी वरपासून खालपर्यंत एकसंध सागाचा दांडा हवा होता. आम्ही दोन दिवस घासाघीस केली. तो तोडीस तोड होता. माझ्या तोंडावर माझ्या मालाला नावं ठेवायचा आणि मी दुसरीकडे पाहत असलो की त्यावरून हळूच हात फिरवायचा. शेवटी सौदा झाला. सुताराने सुकाणू घडवलं, लोखंडी कड्या बसवल्या, आणि तांडेल म्हणाला, "आता शेट, पहिल्या खेपेला तुमी मचव्यात बसायचं."

"मी कशाला?"

"आमच्याकडे रीत हाय. ज्यानं सुकाणूचं लाकूड दिलं, त्यानं पहिल्या खेपेला त्यावर भरवसा ठेवून बसायचं. लबाड असला तर बसत नाय."

मला पोहता येत नाही. पण भोवती दहा माणसं उभी होती, आणि लबाड हा शब्द बोलून झाला होता. मी बसलो.

मचव्यात आम्ही पाच जण होतो. तांडेल सुकाणूवर, त्याचा धाकटा भाऊ नाळेवर म्हणजे पुढच्या टोकाशी, दोन खलाशी आणि मी. हा धाकटा भाऊ पंचविशीचा, हसतमुख. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे सरकत असतात, आज इथे तर महिन्याने तिथे. म्हणून नाळेवर उभं राहून लांब बांबू पाण्यात खुपसत पाणी किती आहे ते ओरडून सांगायचं, हे त्याचं काम. निघालो तेव्हा भर दुपारची पूर्ण भरती होती. उजव्या हाताला दूरवर पाणी पांढरं होऊन फुटत होतं. बाकी सगळं गुळगुळीत, काळपट.

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण पुढे तीच माझ्या तोंडावर मारली गेली.

हीच वैतरणा मोखाड्याच्या अंगाला आम्ही पायी ओलांडतो. तिथे आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं. जिथे पाणी खळखळतं, पांढरं होतं, तिथे दगड वर आहेत, पाय टेकतो, तिथून उतरावं. जिथे पाणी गुपचूप काळं दिसतं, तिथे डोह, तिकडे जाऊ नये. माझे बैल, माझ्या गाड्या, सगळं मी याच भरवशावर नदीपार केलेलं. त्यामुळे तांडेल मचवा सरळ काळ्या पाण्यातून घालायला लागला तसा मी म्हणालो, "तांडेल, इकडून कशाला? तिकडून घ्या ना, ते पांढरं दिसतंय तिकडून. तिथे उथळ आहे."

नाळेवरचा भाऊ इतका हसला की बांबू त्याच्या हातातून सुटायला आला.

"शेट, उथळ हाय म्हणून तर मरान तिकडं! मचव्याला काय पाय हायेत?"

"दादा, शेटचे बैल जुंप रे पुढं," एक खलाशी म्हणाला.

मीही हसलो. आपली नदी आपल्यालाच असं खोटं पाडते हे बघून हसण्याशिवाय काय करणार? संध्याकाळपर्यंत त्या भावाने मला सगळं समजावून दिलं. पांढरं पाणी म्हणजे खाली वाळू. काळी वाट म्हणजे खोल वाट. भरतीला आत जावं, कारण तेव्हा दांड्यांवरसुद्धा पाणी असतं आणि ओढही आत असते. ओहोटी लागली की सगळी खाडी बाहेर धावते, दुपारनंतर वारा समुद्रावरून आत येतो, आणि दोघांची जिथे गाठ पडते तिथे लाट उभी राहते. "ती लाट पळत नाय," तो म्हणाला, "उभ्या जागी उचलते आनि टाकते." अमावास्या-पुनवेला तर बघायलाच नको. चांगला माणूस होता. मला शेट म्हणायचा, पण त्यात टोमणा नसायचा.

पलीकडच्या बंदरावर मचव्यातून नेलेलं माझं लाकूड उतरवलं आणि मीठ भरलं. होळी होऊन गेली होती, अमावास्या आली होती. परत निघायला आम्हाला उशीर झाला. भरती दुपारी होती आणि आम्ही खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हे मी लपवत नाही, की सकाळपासून मी तांडेलामागे भुणभुण लावली होती. बंदरावर माझ्या तीन गाड्या उभ्या होत्या, बैल बसून खात होते, गाडीवान कुरकुरत असणार. "आज पोचायलाच हवं," असं मी चारदा तरी म्हणालो असेन. पण मी माल टाकणारा माणूस. तांडेल मी नव्हतो. गाडीत बसलेला माणूस घाई कर म्हणाला, म्हणून गाडीवान काय दरीत गाडी घालतो?

ओहोटी लागली होती. भावाने नाळेवरून मागे वळून पाहिलं. "दादा, सुकती जोरात लागली. बाहेर नांगर टाकू. रातच्या भरतीला जाऊ."

समोर काळी वाट मला कुठेच दिसत नव्हती. सगळीकडे पांढरंच पांढरं होतं.

मीसुद्धा म्हणालो, "तांडेल, राहू द्या. गाड्या थांबतील."

तो माझ्याकडे बघून हसला. "आता कसं, शेट? तुमचं आवडतं पाणी हाय ना पुढं? नव्या सुकाणूवर तुमाला घर दाखवतो."

"दादा, पाणी कमी हाय," भाऊ पुन्हा म्हणाला.

"तू बांबू बघ. सुकाणू मी बघतो."

किनाऱ्यावर माणसं उभी दिसत होती. दुसरे दोन मचवे बाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघत होते. तांडेल त्यांच्या जवळून गेला आणि त्याने मुद्दाम हात वर केला. तो हात मी विसरलेलो नाही. त्या हातासाठी तो आत घुसला.

पहिल्या दोन लाटा मागून आल्या आणि मचवा त्यांच्यावर चढून पुढे गेला. भाऊ ओरडत होता, "चार हात! तीन हात!" तिसऱ्या लाटेने मागची बाजू उचलली आणि ती खालून निघून गेली, तसा मचवा मागच्या मागे बसला. खालून असा दणका आला की माझे दात एकमेकांवर आपटले. सुकाणूचं टोक वाळूवर आपटलं होतं. कड्या उपटल्या गेल्या, दांडा वर उसळला आणि तांडेलाच्या हातातून सुटला. मचवा आडवा झाला. पुढची लाट आडव्या मचव्यावर पडली, आणि मग मला फक्त मीठ आठवतं. नाकातोंडात, डोळ्यांत, सगळीकडे मीठ. एका खलाशाने माझी शेंडी धरून ठेवली होती. आम्ही चौघे वाळूच्या दांड्यावर लागलो. तिथे छातीइतकंच पाणी होतं. नाळेवरचा भाऊ ज्या बाजूला पडला, तिकडे वाट खोल होती आणि पाणी समुद्राकडे धावत होतं.

तो तिसऱ्या दिवशी सापडला.

मी वर जव्हारला आलो आणि आठ दिवस तापाने पडलो. उठलो तेव्हा माझा गाडीवान समोर येऊन बसला. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा आणि तोंडाने फटकळ.

"खाली तुझी कीर्ती पसरलीय," तो म्हणाला.

"कसली?"

"सुकाणूचं लाकूड पोचट होतं. मधेच फाटलं, म्हणून मचवा आडवा झाला आणि माणूस गेलं. तांडेल सांगतोय. आपल्या फळ्या बंदरावर पडल्यात, कोणी हात लावत नाही. सुतार म्हणतो, मरणाचं लाकूड नको."

"आणि तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मी होतो का मचव्यात?"

मी होतो. मी खाली गेलो आणि गावात जो भेटेल त्याला सांगितलं, की ओहोटीला घुसला, भाऊ नको म्हणत असताना घुसला, सुकाणू वाळूवर आपटलं. एका म्हाताऱ्या कोळ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग जाळं विणता विणता त्याने विचारलं, "पांढऱ्या पान्यातून मचवा न्या म्हनत होता, तो शेट तूच ना रे?"

बसलेले सगळे हसले. दोन्ही खलाशी तिथेच होते. ज्याने माझी शेंडी धरली होती, तो खाली मान घालून बसला. दोघेही तांडेलाच्या मचव्यावर जगणारे, ते काय बोलणार? डोंगरातल्या माणसाने समुद्राबद्दल साक्ष द्यायची नाही, असं तिथे ठरून गेलं. मला भावात कोणी हरवलं तर मी दोन दिवस चिडतो आणि विसरतो. हे तसं नव्हतं. मी हमरस्त्यावर उभा राहून खरं सांगत होतो आणि माणसं हसत होती. इकडे जव्हारातही लोक बोलू लागले. ज्यांनी माझ्याकडून घराच्या तुळया घेतल्या होत्या, ते वर बघून तुळया ठोकायला लागले. माझ्या घरात माझ्या बायकोने विचारलं, "खरंच काही कमी होतं का हो लाकडात?" मी ताट ढकलून उठलो.

दुसऱ्या दिवशी पोशेऱ्याला जाऊन त्या म्हाताऱ्या करवत्याला घेऊन आलो. तो बारा वर्षांत घाटाखाली उतरला नव्हता. वाटभर त्याने एकच प्रश्न विचारला, "त्या झाडाला मी कान लावला होता ना?"

"लावला होता."

"मग चल."

सुकाणू खाडीकाठच्या तिवरांच्या झुडपांत अडकलेलं सापडलं होतं आणि तांडेलाने ते आपल्या अंगणात जाळ्यांखाली ठेवलं होतं. आम्ही गेलो तेव्हा शेजारीपाजारी जमले. तांडेलाची म्हातारी आई ओट्यावर बसून होती. ती कोणाकडे बघत नव्हती. तांडेल बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"काय हाय, शेट?"

"सुकाणू बघायचंय."

"बघा की. फाटलंय ते सगळ्या गावानं बघितलंय."

फाटलं होतं खरं. वरच्या टोकाला हातभर लांब चीर होती. माझ्या करवत्याने तिच्यावर बोट फिरवलं आणि बोट नाकाला लावलं. मग तो खाली बसला आणि सुकाणूचं खालचं टोक उलटं करून बघत राहिला. मला जवळ बोलावलं. खालचं टोक ठेचून चोथा झालं होतं आणि त्या चोथ्यात वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे घट्ट रुतून बसले होते. "हे खालून खाल्लेलं आहे," तो म्हणाला. "मार खालून वर गेला. चीर नंतरची. आतून पोचट असतं तर चिरीत काळा भुगा असता. कापून दाखवतो."

"कापायचं नाय," तांडेल म्हणाला. "सुकाणू माझं हाय."

मग माझ्यातला सौदा करणारा जागा झाला. मी आवाज चढवला नाही. असं आयुष्यात फार थोड्या वेळा झालं आहे. म्हणालो, "बदल्यात नवं देतो. याच म्हाताऱ्याने निवडलेलं, इथपर्यंत आणून टाकीन. हे मला दे. कापल्यावर आत बोटभर जरी पोकळी निघाली, तरी नवं तुझंच, आणि या बंदरावर मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

त्याला नाही म्हणता येईना. एवढ्या माणसांसमोर नाही म्हटलं असतं तर उत्तर तिथेच मिळालं असतं. तो बाजूला सरकला. मी ते हो समजलो.

आम्ही दोघांनी करवत धरली. एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला मी. किती तरी वर्षांनी मी करवत ओढत होतो, पाचव्या-सहाव्या ओढीला खांदे भरून आले. भुसा पिवळा पडत होता. मधोमध कापलं, मग पुन्हा वीतभर सोडून कापलं, मग चिरीखालीही कापलं. तिन्ही ठिकाणी लाकूड तुपासारखं सलग निघालं. सागाच्या तेलाचा वास अंगणभर सुटला. करवत्याने एक तुकडा उचलला, जाळं विणणाऱ्या त्या म्हाताऱ्या कोळ्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "दाखव पोकळी."

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्या कोळ्याने ठेचलेलं टोक मागून घेतलं, नखाने एक शिंपला उकरून काढला आणि तांडेलाकडे बघितलं. तांडेलाने मान फिरवली. मला वाटलं, जिंकलो. छाती भरून आली होती, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तेवढ्यात ओट्यावरून त्याच्या आईचा आवाज आला. तिने मलाच विचारलं. "मग बाबा, लाकूड चांगलं होतं, तर माझा लेक गेला कशानं?"

मला कोणत्याही प्रश्नाला उत्तर असतं. समोरचा बोलून संपवायच्या आत ते माझ्या जिभेवर येतं. तेव्हाही होतं. ओहोटीला घुसला, धाकटा नको म्हणाला तरी घुसला, दुसऱ्या मचव्यांना हात दाखवायला घुसला. मी तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघितलं. तिच्या हातात धाकट्याचा पंचा होता, घडी घातलेला. मी तोंड मिटायला हवं होतं की नको, हे मला अजून कळत नाही. मी म्हणालो, "त्याला विचारा." आणि बोट दाखवलं.

ती मोठ्या मुलाकडे वळली. तांडेल दोन पावलं पुढे आला आणि म्हणाला, "तो नको म्हनला होता, आये. मी घुसलो."

ती रडली नाही. उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. तांडेल अंगणात तसाच राहिला, त्याच्याच घराच्या लावलेल्या दाराबाहेर. माणसं एकेक करून निघून गेली.

आम्ही निघालो तेव्हा तो आमच्यामागून रस्त्यापर्यंत आला. "शेट, लाकूड चांगलं होतं. झालं समाधान?"

माझं सगळं अंग पेटलं. मी त्याची बंडी धरली. करवत्या मध्ये पडला नसता तर मी हात उचलला असता. "हे पहिल्या दिवशी बोलला असतास," मी ओरडलो, "तर त्या बाईला ते माझ्या बोटाकडे बघून कळावं लागलं नसतं! तुझं काम तू माझ्याकडून करून घेतलंस!"

नवं सुकाणू मी पावसाआधी पाठवलं, ठरल्याप्रमाणे, गाडीवानाबरोबर. स्वतः गेलो नाही. बंदरावरच्या फळ्या त्याच आठवड्यात उचलल्या गेल्या, आणि पुढे मला तिथून मागणी कधी कमी पडली नाही. लोक म्हणतात, तुझं तर भलं झालं, मग अजून इतका चिडतोस कशाला? त्यांना मी त्या दाराबद्दल सांगत नाही. त्या तांडेलाने स्वतःच्या आईला खरं सांगायला मला त्याच्या अंगणापर्यंत यायला लावलं, आणि हे मी त्याला माफ करणार नाही.